जादा सिलिंडर

नोव्हेंबर संपत आला की आमच्या तिसगावच्या विहारात बैठक बसते. विषय ठरलेला : सहा डिसेंबरला चैत्यभूमीला कोण कोण येणार, गाडी कोणती करायची आणि माणशी वर्गणी किती. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम., त्यामुळे वही आणि पैशांची पिशवी आपोआप आमच्याकडे येते. कोणी पाचशे देतो, कोणी शंभर देऊन बाकीचे मजुरी मिळाल्यावर देतो म्हणतो. ज्याला जमत नाही त्याच्याकडे आम्ही मागतही नाही. या वर्गणीचा हिशेब आम्ही आजवर एका रुपयानेही चुकवलेला नाही. चुकलो ते एका गॅस सिलिंडरच्या बाबतीत. ती गोष्ट इतकी वर्षे आम्ही हसण्यावारी नेली. पण गाडीत सिलिंडर टाकून यात्रेला, मोर्चाला, ऊसतोडीला निघणारी माणसे आता घरोघर झाली आहेत, तेव्हा ती एकदा नीट सांगितली पाहिजे.

आमचे गाव पाथर्डी तालुक्यात, कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावर. गावातून निघालेली गाडी तोच रस्ता धरून करंजी घाट, नगर, आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड करत कल्याणपर्यंत जाते. आम्ही या रस्त्याने पहिल्यांदा गेलो ते १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. तेव्हा आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. ट्रकच्या हौद्यात सतरंजी टाकलेली, कोपऱ्यात पंपाचा स्टोव्ह आणि शेजारी चिंधीचे बूच मारलेली रॉकेलची बाटली. माळशेज उतरेपर्यंत भाकरीच्या टोपलीला रॉकेलचा वास लागला होता. सगळ्यांनी त्याच भाकरी खाल्ल्या, कोणी कुरकुर केली नाही.

रस्त्यात एवढी हॉटेले असताना हा खटाटोप कशाला, असे आम्ही तेव्हा वडिलांना विचारले होते. उत्तर दिले थोरल्या आत्यांनी. त्यांच्या लहानपणी हॉटेलाच्या बाहेर भिंतीत एक खुंटी असे, तिला आपल्या लोकांसाठी कान तुटलेला कप अडकवलेला असे. आपणच तो विसळायचा, आपणच पुन्हा अडकवायचा. "तवापासून ठरीवलं, आपली चूल आपल्या संगं," असे त्या म्हणाल्या. पुढे कप गेले, हॉटेलात शेजारी बसून मिसळ खायचे दिवस आले, तरी आत्यांची चूल काही सुटली नाही. तिसगावची गाडी ओतूरच्या पुढे रस्त्याकडेला थांबते, खिचडी शिजते, चहा होतो, बुद्धवंदना होते आणि मग गाडी घाटाला लागते. हा शिरस्ता त्यांनीच पाडलेला.

स्टोव्ह जाऊन गॅस आला तो आमच्याकडे उशिराच. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियाला सुरू झाली आणि त्यानंतर आमच्या वस्तीतल्या कित्येक घरांत पहिला लाल सिलिंडर आला. आत्यांनाही मिळाला. त्या वर्षी डिसेंबरात रॉकेलऐवजी आम्ही गॅस घेऊन निघालो, तर ओतूरजवळ खिचडी अर्धी कच्ची असतानाच शेगडी विझली. तीस-पस्तीस माणसे अर्धपोटी मुंबईला गेली. म्हणून २०१७ साली आम्ही बैठकीत ठराव मांडला की एक सिलिंडर जादा घ्यावा. टाळ्या पडल्या. आत्यांनी आपला घरचा एकुलता एक भरलेला सिलिंडर काढून दिला.

आता चुका ऐका. टाकी गळते का ते पाहायला आम्ही घरी तिचे पांढरे टोपण काढले, शेगडी लावून बघितली, रेग्युलेटर काढला आणि टोपण ओट्यावरच विसरलो. नायलॉनच्या दोरीने ते टाकीला बांधलेले असते, ती दोरी आम्ही अडचण होते म्हणून आधीच कापली होती. ट्रॅव्हलरमध्ये मागच्या बाकाखाली जागा होती, पण टाकी उभी मावेना. म्हणून ती आडवी सरकवली, वर चादरींचे गाठोडे दाबले. दुसरी टाकी शेगडीसकट, रेग्युलेटर लावलेली, दाराजवळ उभी. पाच डिसेंबरला पहाटे गाडी हलली.

करंजी घाटाच्या वळणांवर मागची टाकी गाठोड्याखालून सुटली आणि बाकाच्या लोखंडी पायावर आदळली. तिसऱ्या-चौथ्या वळणाला मागे बसलेल्या मुलींना वास आला. आम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेलो. तेथूनच म्हणालो, "खिडक्या उघडा, जाईल वास." थंडीत कुडकुडत खिडक्या उघडल्या. आमचे मामा मागून तिसऱ्या बाकावर. वयस्कर माणूस, झोपेतून उठले, सवयीने बिडी ओठात धरली आणि खिशातली काडेपेटी काढली. आत्यांनी त्यांच्या हातावर चापट मारून काडेपेटी खाली पाडली. "आरं मुडद्या, वास येतोय ना!" एवढेच त्या बोलल्या.

गाडी थांबली. ड्रायव्हर जाणता होता. त्याने इंजिन बंद केले, दिव्यांच्या बटनाला हात लावू दिला नाही, मोबाईल बाहेर काढू दिला नाही आणि सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला, गाडीपासून लांब उभे केले. दोन पोरांनी टाकी उचलून मोकळ्या जागी नेली आणि उभी केली. उभी करताच फवारा कमी होऊन नुसती सूं सूं राहिली. पण टोपण कोठे आहे? टोपण तिसगावला ओट्यावर. आम्ही रस्त्यात उभे राहून घामाघूम झालेलो. तेव्हा आत्यांनी कनवटीची पिशवी सोडली. सुपारी, कात, अडकित्ता यांच्यामधून पहिल्या टाकीचे टोपण निघाले. "फेकून देत व्हता तू. मी ठिवलं," म्हणाल्या. ते दाबून बसवताच आवाज बंद झाला.

गावाकडून छोटा हत्ती मागवून ती टाकी परत धाडली. यात तीन तास गेले. दादरला पोचलो तेव्हा रात्र फार झाली होती आणि रांग फार लांब गेली होती. वाटेत आत्या आमच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

परत आल्यावर आम्ही गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला घरी चहाला बोलावले आणि दोन तास बसवून घेतले. त्याने जे सांगितले, त्यात पुढे वाचून-विचारून जी भर पडली, ती वाचकांपुढे ठेवतो.

आपला स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचे मिश्रण. टाकीत तो दाबाने पातळ करून भरलेला असतो, आणि टाकी कधी काठोकाठ भरत नाहीत. उन्हाने आतला द्रव फुगतो, त्याला वर जागा हवी. टाकी उभी असली की खाली द्रव आणि वर, झडपेजवळ, वायू. आडवी झाली की झडपेपाशी द्रवच येतो. मग झडप जराशी जरी गळाली तरी बाहेर पडतो तो द्रव, आणि एक लिटर द्रवाचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. आमची टाकी उभी करताच फवारा का कमी झाला, ते तेव्हा कळले.

दुसरी गोष्ट. हा वायू हवेपेक्षा जड आहे, प्रोपेन सुमारे दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट. तो धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो आणि बाकांखाली, पायांशी साचतो. खिडक्या उघडून आम्ही जे शहाणपण केले त्याने वरची हवा बदलली, खालचा गॅस तेथेच होता. हवेत शंभराला दोन भाग एवढा झाला तरी तो पेट घेऊ शकतो. त्याला स्वतःला वासही नसतो. आपल्याला कळावे म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तो वास आला की ती पाटी वाचल्यासारखी समजावी. आम्ही ती वाचली आणि खिडकी उघडा म्हणालो!

तिसरी गोष्ट झडपेच्या आतल्या रबरी वायसरची. रेग्युलेटर काढल्यावर झडप आपोआप मिटते खरी, पण वायसर चिरलेला असला किंवा झडपेत कचरा अडकला तर गळती होते. त्या वेळी आपल्या आणि स्फोटाच्या मध्ये ते चार बोटांचे टोपणच असते. म्हणून दोरी कापू नये, टोपण फेकू नये. गळती बघायची तर साबणाच्या पाण्याने, फुगे येतात का ते पाहून. काडी ओढून बघणारे महाभाग आमच्या परिचयात आहेत.

आता आमच्या बी. कॉम.ची लाज सांगतो. मेकॅनिकने विचारले, "भाऊ, जादा टाकी नेलीच कशाला?" आम्ही म्हणालो, पहिलीत किती गॅस उरलाय हे कसे कळणार? तो हसला. टाकीच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते, समजा १५.३ किलो. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो. भरलेली टाकी २९.५ भरली पाहिजे. काट्यावर ठेवा, रिकामे वजन वजा करा, बाकी उरेल तो गॅस. एकूण वजा खर्च बरोबर शिल्लक, हे आम्ही रोज कचेरीत करतो, आणि टाकी मात्र हलवून, ठोकून अंदाज घेत होतो. २०१६ साली निघताना किराणा दुकानाच्या काट्यावर टाकी ठेवली असती तर अर्धी खिचडी कच्ची राहिली नसती आणि २०१७ चा ठरावही मांडावा लागला नसता. त्याच पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. त्या मुदतीपर्यंत टाकीची पुढची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घेऊच नये.

पुढच्या बैठकीत तरुणांनी सरळ सांगितले की चूल बंद करा, शिवाजी पार्कवर कितीतरी संस्था जेवण देतात, वाटेत वडापाव खाऊ. म्हणणे चुकीचे नव्हते. आम्हीही मान डोलावली. आत्या उठल्या आणि म्हणाल्या, "चूक याची, आन् सजा माझ्या चुलीला?" सभा गप्प झाली. शेवटी तडजोड झाली. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घरून न्यायची. शिजवायची फक्त खिचडी आणि चहा. एवढ्याला घरची मोठी टाकी लागत नाही. पाच किलोची छोटी टाकी ओळखपत्र दाखवून बाजारभावाने मिळते, इंडियन ऑइलने तिला 'छोटू' असे नाव दिले आहे. घरगुती टाकी घरच्या स्वयंपाकासाठीच दिलेली असते, तीही अडचण त्यामुळे मिटली.

आणि टाकी माणसांच्या गाडीत न्यायची नाही. भांडी, अंथरुणे, पाण्याचे कॅन यांच्यासाठी एक छोटा हत्ती बरोबर असतोच. त्याच्या उघड्या हौद्यात, केबिनच्या मागच्या जाळीला लागून, वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा एक पिंजरा बसवून घेतला. टाकी त्यात उभी बसते, खाली आणि बाजूंना जुन्या टायरचे तुकडे, वरून दोराचा फास. रेग्युलेटर आणि नळी काढून वेगळ्या डब्यात, काडेपेटी ड्रायव्हरजवळ. वर ताडपत्री असली तरी बाजू मोकळ्या, म्हणजे गळालाच गॅस तर वाऱ्यावर जाईल. हौद्यात माणूस बसवायचा नाही. पोरांना हौद्यात बसायची भारी हौस, पण या एका बाबतीत आम्ही कोणाचे ऐकत नाही. थांबल्यावर टाकी आधी सावलीत उतरवायची, शेगडी गाडीपासून लांब मांडायची आणि गरम शेगडी परत गाडीत चढवायची नाही. गाडी हलण्याआधी टोपण बसले का ते ड्रायव्हरने नव्हे, आपण बघायचे.

यातले बरेचसे सरकारी नियमातही आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे स्वयंपाकाच्या गॅसची टाकी नेताना आणि ठेवताना उभीच असली पाहिजे, आणि भरलेली टाकी सायकलवर किंवा मोटारसायकलवर नेता येत नाही. हे वाचून आम्ही थोडे खाली पाहिले. दोन्ही पायांत टाकी धरून एजन्सीपासून घरापर्यंत मोटारसायकल आम्हीही चालवलेली आहे. शंभर किलोपर्यंतच्या साठ्याला परवाना लागत नाही, त्यामुळे आपल्याला नियमच लागू नाहीत असे पुष्कळांना वाटते.

रेल्वेने जाणाऱ्यांचे वेगळे. सहा डिसेंबरला नागपूरकडून मुंबईला खास गाड्या सुटतात, आणि गर्दीत कोण कोणाचे गाठोडे उघडून बघणार? पण डब्यात टाकी नेणे हा गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवा, २६ ऑगस्ट २०२३ ची मदुराईची पहाट आठवा. लखनौहून तीर्थयात्रेला निघालेल्या लोकांचा खास डबा तेथे यार्डात उभा होता. लपवून आणलेल्या टाकीवर काही जण चहा करायला बसले, डबा पेटला आणि ९ माणसे गेली. तीही आपल्यासारखीच वर्गणी काढून निघालेली असतील. ती बातमी वाचली त्या रात्री मामांच्या हातातली काडेपेटी आमच्या डोळ्यांसमोरून हलेना.

आमचा एक भाचा पुण्याच्या कंपनीकडून काही महिने अमेरिकेला जाऊन आला. तेथे सुटीत लोक चालतेफिरते घरच घेऊन निघतात. गाडीतच बिछाना, मोरी, शेगडी. त्यांच्याकडे थंडी फार आणि ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास टाकीतून उठायलाच मागत नाही, म्हणून ते प्रोपेन वापरतात. भाच्याने सांगितलेली एक गोष्ट आम्हाला पटली. जोडून ओढायच्या घरगाड्यांत प्रोपेनच्या टाक्या घराच्या आत नसतात. बाहेर, पुढच्या लोखंडी सांगाड्यावर, उभ्या आणि आवळून बसवलेल्या असतात. आत जे गळती ओळखणारे यंत्र असते ते फरशीलगत लावतात, छताला नाही. पैसेवाल्यांच्या गाडीत आणि आमच्या छोट्या हत्तीत गॅसचे वागणे काही बदलत नाही.

पण आम्हाला खरी काळजी वाटते ती वर्षातून एकदा निघणाऱ्या आमच्या गाडीची नव्हे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळा संसार भरतात : पेटी, पीठ, कोंबड्या, सरपण, पोरे, आणि अलीकडे त्यातच एक गॅसची टाकी. ती सरपणावर आडवी, वर तीन पोरे बसलेली. कारखान्यावर पोचल्यावर राहायचे ते कोपीत. खाली कुडाचे, वर पाचटाचे, सगळे वाळलेले. आत टाकी, रात्री थंडी म्हणून दार बंद, आणि गॅस तर जमिनीलगत, जेथे पोरे झोपतात. चुलीच्या धुरापेक्षा गॅस बरा, हे आम्ही नाकारत नाही. बाईला पहाटे तीनला उठून फडात जायचे असते, तिला काडी ओढताच पेटणारी शेगडी वरदान आहे. म्हणून 'गॅस नेऊ नका' असे आम्ही सांगत नाही. टोळी निघायच्या दिवशी सकाळी ट्रॉलीपाशी जातो, टाकी उभी करून ट्रॉलीच्या कोपऱ्याला दोराने बांधतो, पोरांना दुसऱ्या टोकाला बसवतो, आणि कोपीत गेल्यावर झोपताना रेग्युलेटर बंद करून टाकी बाहेर ठेवा म्हणून बाईलाच सांगतो, कारण पुरुष 'हो हो' म्हणून विसरतात. गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तो खडूने पेटीच्या झाकणात लिहून देतो. फोन करायचा तो टाकीपासून लांब जाऊन, एवढे बजावतो. मुकादम वैतागतो, उशीर होतो म्हणतो. होऊ दे. काही जण आमची थट्टा करतात, "आले टोपणवाले भाऊ!"

पिशवीभर टोपणे आम्ही एजन्सीतून मागून आणलेली असतात. ज्या टाकीला नाही तिला बसवायचे आणि दोरी बांधायची.

आत्यांचे आता पाय चालत नाहीत. दोन-तीन वर्षे झाली, त्या गाडीत बसत नाहीत. पण पाच डिसेंबरला पहाटे गाडी त्यांच्या दारावरून न्यावी लागते. अंगावर घोंगडी घेऊन त्या ओट्यावर येऊन बसतात. ड्रायव्हरला हाक मारून छोट्या हत्तीचे फाळके खाली घ्यायला लावतात, पिंजऱ्याकडे बॅटरी मारतात आणि आम्हाला विचारतात, "टोपण बशीवलं का रं?" आम्ही हो म्हणतो. तरी त्या पोराला वर चढवून हाताने चाचपून बघायला सांगतात. मग जयभीम होतो आणि गाडी करंजीच्या दिशेने लागते.